ब्राउझर बदलला तरी तिसऱ्या दिवशी तोच ताप परत येतो तेव्हा

लक्षणं ओळखीची असतात. ॲड्रेस बारमध्ये काही शोधायला टाकलं की नेहमीच्या सर्च इंजिनऐवजी भलतंच पान उघडतं. कधी बरोबर पान उघडतं, पण त्याआधी क्षणभर वर दुसराच पत्ता चमकून जातो. होमपेज आपोआप बदललेलं असतं. उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले' अशी पाटी दर दहा मिनिटांनी सरकत येते. मग कोणीतरी सांगतं, "तो ब्राउझरच काढून टाक, दुसरा घे, तो जास्त सुरक्षित आहे." आपण दुसरा घेतो. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर मी हेच केलं. शनिवारी फायरफॉक्स टाकून दिला, जुन्या ब्राउझरमधलं सगळं तिकडे हलवलं, वर चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून घरी आलो. सोमवारी रात्री तिचा फोन. "अरे, तुझ्या त्या कोल्ह्यातसुद्धा तेच पान येतंय. आणि कोपऱ्यातला तो व्हायरसवालाही आहेच."

"मावशी, काही डाउनलोड केलंस का मधे?"

"मी कशाला हात लावतेय? केलंयस सगळं तूच."

खरंच मीच केलं होतं. ब्राउझर बदलला, पण ज्याने तो बिघडवला त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यानंतर असे चार-पाच संगणक हाताखालून गेले आणि दर वेळी गोष्ट तिथेच येऊन थांबली: ताप ब्राउझरच्या आत कमी आणि आजूबाजूला जास्त असतो. म्हणून आधी आजूबाजूची सफाई, मग नवा ब्राउझर. उलट केलंत तर नवाही दोन दिवसांत जुना होतो.

कोपऱ्यातली पाटी: बोलतंय कोण?

सुरुवात इथून करा, कारण हे सगळ्यात सोपं आहे आणि भीती मात्र सगळ्यात जास्त याचीच वाटते. ती पाटी बहुतेक वेळा व्हायरसची नसते आणि अँटीव्हायरसची तर नसतेच. कुठल्या तरी साइटने कधीतरी 'पुढे जायला अलाव दाबा' असं म्हणून नोटिफिकेशनची परवानगी घेतलेली असते, आणि आता ती साइट त्याच परवानगीवर जाहिराती पाठवत असते.

पाटी नीट बघा. वर ब्राउझरचं नाव किंवा आयकॉन असतो आणि मजकुराजवळ साइटचा पत्ता. मावशीच्या पाटीवर जुन्याच ब्राउझरचं नाव होतं! फायरफॉक्सचा त्यात काही संबंध नव्हता. जुना ब्राउझर आम्ही उघडत नव्हतो, पण तो पाठीमागे चालूच होता. क्रोममध्ये सेटिंग्जच्या सिस्टिम विभागात ब्राउझर बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवायचा एक पर्याय असतो. एजमध्ये तसाच पर्याय आहे, शिवाय विंडोज सुरू होताना एज आधीच जागं करून ठेवणारं स्टार्टअप बूस्ट आहे. दोन्हीकडे हे बंद करा.

मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. 'अलाव' खालची यादी वाचा. ओळखीच्या दोन-तीन साइट सोडून बाकी सगळं काढा आणि इथून पुढे कोणी परवानगी मागूच नये असा पर्याय निवडा. फायरफॉक्समध्ये हेच परमिशन्सखाली मिळतं. नव्या विनंत्या अडवण्यासाठी तिथे एक चौकट टिक करायची असते. मी ती प्रत्येक संगणकावर न विचारता करतो. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

एक्स्टेन्शन आणि सिंक

सर्च पळवणारा बहुतेक वेळा एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या रूपात असतो. पीडीएफ जोडून देणारं, कूपन शोधणारं, व्हिडिओ उतरवून देणारं, नाव काहीही असो. 'सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी त्याला दिली, की तुम्ही कुठलं पान बघता आणि त्यात काय टाइप करता हे सगळं त्याच्या हातात. आणि जे एक्स्टेन्शन काल चांगलं होतं ते आज चांगलं असेलच असं नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे टॅब झोपवून ठेवणारं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते. मूळ लेखकाने ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी 2021मध्ये गूगलने त्यात मालवेअर असल्याचं सांगून ते बंद केलं. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात काहीही चुकीचं केलं नव्हतं. अपडेट आपोआप आला होता.

आता 'परत येण्या'चं मुख्य कारण. लोक वैतागून ब्राउझर अनइन्स्टॉल करतात, पुन्हा टाकतात, खात्यात लॉगिन करतात, आणि सिंक, म्हणजे खात्यात साठवलेलं प्रत्येक संगणकावर उतरवणारी सोय, आज्ञाधारकपणे सगळं आणून ठेवतं: बुकमार्क, पासवर्ड, सर्च इंजिनची सेटिंग आणि ते एक्स्टेन्शनही. दुसरा रस्ता आयातीचा. क्रोमवरून एजवर गेलात तर एज एक्स्टेन्शनसुद्धा उचलून आणायची तयारी दाखवतं, आणि दर वेळी सुरू होताना दुसऱ्या ब्राउझरचा डेटा आणत राहायचा पर्यायही त्यात आहे. तो चालू राहिला तर तुम्ही इकडे साफ करता आणि तिकडून पुन्हा भरत राहतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बुकमार्क आणि पासवर्ड फाइलमध्ये काढून घ्या. मग सगळ्या संगणकांवर सिंक बंद करा; घरातला तो जुना लॅपटॉप विसरू नका, घाण बहुधा तिथूनच येत असते. मग एक्स्टेन्शन काढा. शेवटी सेटिंग्जमधल्या सिंकच्या विभागातून सर्व्हरवरचा सिंक डेटा पुसा. हे शेवटचं पाऊल जवळजवळ सगळेच गाळतात. पण आधी फाइल काढल्याशिवाय ते करू नका, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडाल.

'रिमूव्ह' बटणच दाबता येत नसेल तर

एक्स्टेन्शन राखाडी झालेलं दिसतं, काढता येत नाही, आणि मेनूच्या तळाशी 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो' अशा अर्थाची ओळ असते. घरच्या संगणकावर संस्था कुठून आली?

ही सोय मुळात कंपन्यांसाठी आहे. ऑफिसचा आयटी विभाग पॉलिसी, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारा नियम, लावून सगळ्या संगणकांवर एखादं एक्स्टेन्शन सक्तीने बसवू शकतो. जाहिराती घुसवणारे ॲडवेअरवाले तीच सोय वापरतात. क्रोममध्ये ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत 'क्रोम', कोलन, दोन स्लॅश आणि 'पॉलिसी' असं टाइप करा. एजमध्ये क्रोमच्या जागी 'एज'. फायरफॉक्समध्ये 'अबाउट', कोलन, 'पॉलिसीज'. पान रिकामं असेल तर हा भाग सोडून द्या. काही दिसलं तर वाचा. नावात 'फोर्सलिस्ट' असलेली आणि पुढे अक्षरांची निरर्थक माळ असलेली पॉलिसी दिसली, की चोर सापडला. ती माळ म्हणजे त्या एक्स्टेन्शनचा आयडी.

विंडोजमध्ये अशा पॉलिसी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात असतात: एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मग गूगल आणि क्रोम, किंवा मायक्रोसॉफ्ट आणि एज. हे सगळं करंट युजरखालीही असू शकतं. काढण्याआधी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा. दोन इशारे. ऑफिसच्या लॅपटॉपवर याला हात लावू नका, आयटीवाल्यांना सांगा. आणि फायरफॉक्समध्ये फक्त सर्टिफिकेटबद्दलची एकच पॉलिसी दिसत असेल तर ती बहुधा तुमच्या अँटीव्हायरसने लावलेली असते. घाबरायचं कारण नाही.

मावशीच्या फायरफॉक्सचं काय झालं होतं

एक्स्टेन्शन नव्हतं. पॉलिसीही नव्हती. सर्च इंजिनची सेटिंग बरोबर होती. तरी उघडल्याबरोबर तेच पान. अर्धा तास मी सेटिंग्जच चाळत बसलो आणि तिथेच वेळ घालवला, कारण गडबड डेस्कटॉपवरच्या आयकॉनमध्ये होती. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तर टार्गेटच्या चौकटीत फायरफॉक्सच्या एक्सई फाइलचा रस्ता, त्यानंतर बंद होणारं अवतरणचिन्ह, मग एक रिकामी जागा आणि पुढे त्या सर्च पानाचा अख्खा पत्ता. चौकट अरुंद असते, पत्ता उजवीकडे दडलेला राहतो. त्यात क्लिक करून एन्ड कळ दाबल्याशिवाय दिसत नाही.

शेपूट काढून टाकलं. टास्कबारवरचा आयकॉन वेगळा शॉर्टकट असतो, तिथेही तेच शेपूट होतं. काढलं. संगणक रीस्टार्ट केला, शेपूट पुन्हा जागेवर.

म्हणजे कोणीतरी दर लॉगिनला ते चिकटवत होतं. प्रोग्रॅम ठरल्या वेळी आपोआप चालवणारा विंडोजचा टास्क शेड्यूलर उघडला. लायब्ररीतल्या यादीत बहुतेक नावं ओळखीची होती. एकाच्या नावात पीडीएफ आणि अपडेटर होतं. ट्रिगर: लॉगिन झाल्यावर. ॲक्शन्सच्या टॅबमध्ये बघितलं तर ॲपडेटातल्या रोमिंग फोल्डरमधल्या एका एक्सई फाइलचा रस्ता. प्रामाणिक प्रोग्रॅम साधारणपणे प्रोग्रॅम फाइल्समध्ये राहतात. ॲपडेटात राहणारा प्रत्येक जण चोर नसतो, पण विचारपूस करण्यासारखा नक्की असतो. इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावली, तर त्याच नावाचा एक फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर निघाला. त्रास सुरू झाला त्याच्या आदल्या दिवशीचा. मावशी म्हणाली, "अरे हो, फॉर्म भरायला घेतला होता तो."

ॲप अनइन्स्टॉल, टास्क डिलीट, फोल्डर डिलीट, मग विंडोज सिक्युरिटीमधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. हा स्कॅन संगणक रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आत करतो, त्यामुळे लपून बसलेलं सापडायची शक्यता जास्त. उघड्या फाइल आधी सेव्ह करा. त्यानंतर दोन्ही शॉर्टकट पुसून नवे केले. तेव्हापासून शांत आहे.

जाता जाता नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीही (इंटरनेटची ये-जा ज्यातून वळवली जाते तो मधला सर्व्हर) बघून घ्या. तुम्ही स्वतः लावलेली नसताना तिथे सेटअप स्क्रिप्टचा पत्ता किंवा मॅन्युअल प्रॉक्सी चालू दिसली तर बंद करा. कुठलाही ब्राउझर घ्या, हा अडथळा सगळ्यांच्या आधी लागतो.

आता नवा ब्राउझर, आणि त्याने नक्की किती फरक पडतो

'ब्राउझर बदला' हा सल्ला ज्या काळातून आला तेव्हा तो अगदी बरोबर होता. इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या भोकांमुळे जानेवारी 2010मध्ये जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थांनी लोकांना दुसरा ब्राउझर वापरा असं जाहीर सांगितलं होतं. तेव्हा ब्राउझर हाच रोग होता. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022ला निवृत्त केला.

आज चित्र वेगळं आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, व्हिवाल्डी, ऑपेरा ही सगळी क्रोमियमची, म्हणजे एकाच खुल्या ब्राउझर प्रकल्पाची भावंडं. त्या घराबाहेर मोठे दोनच: मोझिलाचा फायरफॉक्स आणि ॲपलची सफारी. क्रोमवरून ब्रेव्हवर गेलात तर जाहिराती अडतील, माग काढणारे कमी होतील, पण पान उलगडून दाखवणारं इंजिन तेच आणि इंजिनातलं भोकही तेच. सप्टेंबर 2023मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या एका लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) दोष निघाला, तेव्हा ती लायब्ररी क्रोममध्ये होती तशी फायरफॉक्समध्येही होती. सगळ्यांनाच काही दिवसांत घाईघाईने अपडेट काढावे लागले. ज्याने अपडेट घेतला तो वाचला, मग ब्राउझर कुठला का असेना.

त्यामुळे निवड करताना मी पहिली गोष्ट बघतो ती ही, की सुरक्षेचे अपडेट किती लवकर येतात. क्रोम 2023पासून ते दर आठवड्याला देतं. दोन-चार जणांनी हौसेने चालवलेले क्रोमियमचे किंवा फायरफॉक्सचे अवतार 'कमाल प्रायव्हसी'चं वचन देतात, पण मूळ प्रकल्पाचा अपडेट त्यांच्यापर्यंत उशिरा पोचला तर मधले दिवस तुम्ही उघड्यावर. माझं मत: यांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी गोष्ट जाहिराती अडवण्याची. घाण येते ती मोठ्या प्रमाणात जाहिरातीतून. तो पीडीएफ कन्व्हर्टरसुद्धा सर्चच्या निकालात वर दिसलेल्या जाहिरातीतूनच आला होता. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर जाहिराती अडवणारं पूर्ण ताकदीचं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन तिथे चालेनासं झालं, त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर पूर्ण यूब्लॉक ओरिजिन चालतं, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही. म्हणून मी घरच्यांना फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन, आणि बाकी एकही एक्स्टेन्शन नाही, असं लावून देतो. शिवाय सेटिंग्जमधला, साइट फक्त सुरक्षित जोडणीने उघडणारा एचटीटीपीएस-ओन्ली मोड चालू. ज्यांचं काम क्रोमियमशिवाय होत नाही त्यांनी ब्रेव्ह घ्यावा. त्याचा ब्लॉकर आतच असतो.

विंडोज 7 किंवा 8 असेल तर या सगळ्याला फारसा अर्थ नाही. क्रोम तिथे 109व्या आवृत्तीवर थांबला. फायरफॉक्सची 115 ईएसआर ही लांब मुदतीची आवृत्ती मोझिलाने त्यांच्यासाठी पुढे ओढली खरी, पण ती उसनी मुदत आहे.

सामान हलवताना

फक्त बुकमार्क आणि पासवर्ड न्या. एक्स्टेन्शन नको, हिस्टरी नको. पासवर्डची सीएसव्ही फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा म्हणजे अंगावर काटा येईल: साइट, युजरनेम, पासवर्ड, एका ओळीत, सरळ वाचता येतील असे. ही फाइल डेस्कटॉपवर ठेवू नका, कारण डेस्कटॉपचा वनड्राइव्हवर बॅकअप होत असेल तर ती लगेच तिकडे जाते आणि इथून पुसली तरी तिथल्या रिसायकल बिनमध्ये पडून राहते. आयात झाली की शिफ्ट डिलीट, आणि वनड्राइव्हचं बिनही बघा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायच्या चाव्या, सीएसव्हीत येत नाहीत. ज्या साइटवर पासकी आहे तिथे लॉगिनचा दुसरा मार्ग चालू आहे ना, हे जुना ब्राउझर काढण्याआधी तपासा.

पासवर्ड बदलायचे ते सफाईनंतर, आधी नाही. आधी बदललेत तर नवे पासवर्डही त्याच चोराला ऐकवाल. ईमेलचा सगळ्यात पहिला. आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' करा, कारण लॉगिनची खूण ठेवणारी कुकी चोराच्या हातात असेल तर पासवर्ड न विचारताच आत शिरता येतं.

नव्या ब्राउझरमध्ये एखादं लॉगिन अडलं तर ॲड्रेस बारजवळच्या ढालीवर क्लिक करून फक्त त्या साइटपुरतं संरक्षण सैल करा. लोक इथे कंटाळून जुन्याकडे परततात. शिवाय डीफॉल्ट ॲप्समध्ये नवा ब्राउझर लावायचं राहिलं तर ईमेलमधली प्रत्येक लिंक जुन्यातच उघडत राहते. जुन्यात साठवलेले पासवर्डही पुसा. तो नुसता पडून राहिला तरी पासवर्डची फाइल तिथे असतेच.

फोनवर

आयफोनवर कॅलेंडरमध्ये 'फोनला व्हायरस' अशा नोंदी येत असतील तर ब्राउझर बदलून उपयोग नाही. नकळत सबस्क्राइब झालेलं एक कॅलेंडर असतं, ते कॅलेंडरच्या खात्यांमधून काढा. तसंही आयफोनवरचे बाकी ब्राउझर जवळजवळ सगळीकडे आतून सफारीचंच इंजिन वापरत आले आहेत. अँड्रॉइडवर होम स्क्रीनवरच पूर्ण पडदाभर जाहिरात आली तर ते काम एखाद्या ॲपचं. जाहिरात पडद्यावर असतानाच रीसेंट्स उघडा, ॲपचं नाव बहुधा तिथे सापडतं. मग सेटिंग्जमध्ये 'इतर ॲप्सवर दिसण्याची' परवानगी कोणाकोणाला आहे ते बघा.

एवढं करूनही परत आलं तर

फोन त्याच वायफायवर ठेवून बघा आणि मग मोबाइल डेटावर बघा. वायफायवर त्रास आणि डेटावर नाही, असं असेल तर राउटरमधलं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणारी सेटिंग, कोणीतरी बदललेलं असू शकतं. राउटर फॅक्टरी रीसेट करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा.

राउटर स्वच्छ आणि फक्त एकाच संगणकावर त्रास असेल, तर आणखी दोन संध्याकाळी रजिस्ट्री उकरण्यापेक्षा फाइलींचा बॅकअप घेऊन विंडोज रीसेट करणं स्वस्त पडतं. 'सगळं काढून टाका' हा पर्याय निवडा. बॅकअपमध्ये डाउनलोड्समधल्या एक्सई फाइल घेऊ नका. आणि रीसेटचं बटण दाबण्याआधी सर्व्हरवरचा सिंक डेटा खरंच पुसलाय ना ते बघा, नाहीतर कोऱ्या विंडोजवर ब्राउझरच्या पहिल्या लॉगिनलाच ते जुनं एक्स्टेन्शन दारात हजर असेल.